काही महिन्यांत उडणार होतं, तेवढ्यात ब्रिटनने स्वतःचंच जेट विमान मोडीत काढलं. पण का?

११ नोव्हेंबर १९५५. इंग्लंडमधल्या विकर्स कंपनीच्या विस्ली इथल्या कारखान्यात एक भलंमोठं जेट विमान जवळपास तयार होत आलं होतं. साधारण ८० टक्के काम झालेलं, पहिलं उड्डाण अवघ्या काही महिन्यांवर. लंडनहून निघायचं आणि मध्ये कुठेही न थांबता थेट न्यूयॉर्कला उतरायचं, तेही शंभरेक प्रवासी घेऊन, अशी या डिझाईनची झेप होती.

त्या दिवशी सरकारचा निर्णय आला. काम थांबवा.

विमान पडलं नव्हतं, चाचणीत नापास झालं नव्हतं, कुठला घोटाळाही बाहेर आला नव्हता. ते एकदाही आकाशात गेलं नाही. पुढे त्याचे तुकडे झाले आणि विषय संपला.

या विमानाचं नाव होतं विकर्स व्ही-१०००. त्याचाच प्रवासी अवतार म्हणजे व्हीसी-७. आज ही नावं विमानांच्या शौकिनांशिवाय फारशी कुणाला माहीत नाहीत. पण त्याच काळात अमेरिकेत बनलेलं बोईंग ७०७ मात्र जगभर पोहोचलं, अगदी आपल्या सांताक्रूझपर्यंत.

मग हातात आलेला डाव ब्रिटनने सोडला का? त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

जेटच्या शर्यतीत ब्रिटन सगळ्यात पुढे होता

आज प्रवासी विमान म्हटलं की बोईंग आणि एअरबस ही दोनच नावं डोळ्यासमोर येतात. पण जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान ब्रिटिश होतं. डी हॅविलँड कंपनीच्या 'कॉमेट'ने २७ जुलै १९४९ ला पहिलं उड्डाण केलं आणि २ मे १९५२ ला लंडन ते जोहान्सबर्ग अशी प्रवासी सेवाही सुरू केली.

तेव्हा अमेरिकन कंपन्या अजून पंख्यांच्या विमानांतच होत्या. कॉमेट त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने आणि उंचावरून उडायचं. अमेरिका मागे पडली, असं तेव्हा उघडपणे बोललं जायचं.

पण हा आनंद फार टिकला नाही. १० जानेवारी १९५४ ला इटलीच्या एल्बा बेटाजवळ एक कॉमेट हवेतच फुटलं. ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरं गेलं. सगळी कॉमेट जमिनीवर आणली गेली. फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनवर पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला. तेव्हा कारण कळलं. प्रत्येक उड्डाणात केबिनमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो आणि उतरताना कमी होतो. हे हजारदा झालं की धातू थकतो, बारीक तडा जातो आणि एक दिवस ती केबिन फाटते.

म्हणजे १९५५ उजाडलं तेव्हा ब्रिटनकडे जेटचा अनुभव होता, चुकांचा धडाही होता. पण उडणारं मोठं प्रवासी जेट नव्हतं. ही जागा भरून काढू शकेल असं एकच विमान तयार होत होतं, ते म्हणजे विस्लीमधलं व्ही-१०००.

नेमकं काय होतं हे विमान?

हे विमान मुळात प्रवाशांसाठी नाही, तर हवाई दलासाठी होतं.

त्या काळात ब्रिटनने अणुबॉम्ब टाकू शकतील अशी 'व्ही बॉम्बर' विमानं बनवायला घेतली होती. ही बॉम्बर विमानं परदेशातल्या तळांवर जायची म्हटली, तर त्यांच्या मागोमाग माणसं, सुटे भाग आणि सामानही तितक्याच वेगाने पोहोचायला हवं. पंख्यांची जुनी वाहतूक विमानं त्यात कमी पडणार होती. म्हणून रॉयल एअर फोर्सला मोठं वाहतूक जेट हवं होतं.

हे काम विकर्सला मिळालं. कंपनीची सूत्रं होती जॉर्ज एडवर्ड्स यांच्या हातात. हा माणूस साधासुधा नव्हता. पहिला व्ही बॉम्बर 'व्हॅलियंट' त्यांच्याच देखरेखीखाली बनला होता. चारशेहून जास्त संख्येने बनलेलं आणि जगभर खपलेलं 'व्हायकाउंट' हे प्रवासी विमानही त्यांचंच. पुढे काँकॉर्डमध्येही त्यांचा मोठा वाटा होता.

विकर्सचा हिशोब सोपा होता. हवाई दलासाठी जे विमान बनवायचं, त्याचंच थोडं बदललेलं रूप एअरलाईनला विकायचं. डिझाईनचा बराचसा खर्च सरकारी ऑर्डरमधून निघेल आणि प्रवासी विमान स्वस्तात पडेल. सरकारी एअरलाईन बीओएसी, म्हणजे आजच्या ब्रिटिश एअरवेजची पूर्वज, तीही सुरुवातीच्या चर्चेत होती. हवाई दलाची ऑर्डर होती एका प्रोटोटाईपची आणि त्यानंतर सहा विमानांची.

विमानात नवीन काय होतं, तर दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे रुंदी. एका रांगेत सहा सीट बसतील अशी केबिन. आज ए-३२० किंवा बोईंग ७३७ मध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात ना, तशीच मांडणी. गंमत म्हणजे बोईंगचं पहिलं जेट प्रोटोटाईप यापेक्षा अरुंद होतं आणि बोईंगला ७०७ साठी केबिन नंतर रुंद करावी लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन. रोल्स-रॉइसचं 'कॉनवे'. साध्या जेट इंजिनमध्ये आत आलेली सगळी हवा जळणाच्या भागातून जाते. कॉनवेमध्ये आत आलेल्या हवेचा काही भाग त्या गरम भागाला वळसा घालून बाजूने मागे फेकला जायचा. त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त ताकद मिळायची आणि आवाजही थोडा कमी व्हायचा. आज आपण ज्या विमानांत बसतो त्यांची इंजिनं याच तत्त्वावर चालतात. फक्त वळसा घालणाऱ्या हवेचं प्रमाण आता कितीतरी वाढलंय.

लांब पल्ल्यासाठी हे फार कामाचं होतं. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना समोरून जोराचा वारा असतो, इंधन जास्त लागतं. त्यामुळे तेव्हाची बहुतेक विमानं वाटेत कॅनडात इंधन भरायला उतरायची. व्हीसी-७ ला तो थांबा टाळायचा होता.

तिकडे सिएटलमध्ये काय चाललं होतं?

बोईंगने तोपर्यंत मोठा जुगार खेळला होता. स्वतःच्या खिशातले सुमारे १.६ कोटी डॉलर घालून कंपनीने 'डॅश ८०' नावाचं एक प्रोटोटाईप जेट बनवलं. १५ जुलै १९५४ ला ते उडालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टेस्ट पायलट टेक्स जॉन्स्टन यांनी सिएटलच्या तलावावर जमलेल्या गर्दीसमोर हे चार इंजिनांचं अवजड विमान चक्क हवेत गोल फिरवून दाखवलं.

पण बोईंगचा खरा आधार वेगळाच होता. अमेरिकन हवाई दलाला बॉम्बर विमानांत हवेतल्या हवेत इंधन भरण्यासाठी टँकर हवे होते आणि त्यांनी डॅश ८० वर आधारलेले केसी-१३५ टँकर मागवायला सुरुवात केली. ही संख्या शेवटी ७०० च्या पुढे गेली.

ब्रिटिश हवाई दलाची ऑर्डर सहा विमानांची आणि अमेरिकन हवाई दलाची सातशेहून जास्त. युक्ती दोन्हीकडे एकच होती, लष्कराच्या ऑर्डरवर प्रवासी विमान उभं करायचं. पण एका बाजूला पाया खडकाचा होता आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा. सातशे विमानांच्या ऑर्डरमधून चार-दोन रद्द झाल्या तरी कारखाना चालू राहतो. सहांच्या ऑर्डरमधून सहा रद्द झाल्या की खेळ खल्लास.

१३ ऑक्टोबर १९५५ ला अमेरिकेच्या पॅन अॅम एअरलाईनने एकाच दिवशी ४५ जेट विमानांची ऑर्डर जाहीर केली. २० बोईंग ७०७ आणि २५ डग्लस डीसी-८. जगभरातल्या एअरलाईन्सना इशारा मिळाला, की आता जेट घेतलं नाही तर मागे पडाल.

आणि यानंतर महिनाही उलटला नाही, तोच ब्रिटनने व्ही-१००० रद्द केलं.

मग रद्द का केलं?

यात एकच खलनायक शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तीन जणांनी तीन वेगवेगळ्या कारणांसाठी हात काढून घेतला आणि विमान मधल्यामध्ये पडलं.

पहिलं, हवाई दल. डिझाईन पुढे सरकलं तसं विमानाचं वजन वाढत गेलं. वजन वाढलं की जास्त ताकदीचं इंजिन लागतं, लांब रनवे लागतो, सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. त्यात पैशाची चणचण होती. त्याच ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना पौंड सावरण्यासाठी वर्षातलं दुसरं, कर वाढवणारं बजेट मांडावं लागलं होतं. संरक्षण खर्चात कात्री लावायची वेळ आली, तेव्हा बॉम्बर विमानांना हात लावण्यापेक्षा वाहतूक विमान सोडणं हवाई दलाला सोपं वाटलं.

दुसरं, सरकार. हवाई दलाला वाहतूक विमानं तर हवीच होती. मग त्यांच्यासाठी ब्रिस्टल कंपनीचं 'ब्रिटानिया' निवडलं गेलं. हे जेट नव्हतं, टर्बोप्रॉप होतं, म्हणजे टर्बाईन इंजिनावर फिरणारे पंखे. वेग कमी, पण विमान तयार होतं आणि स्वस्तही होतं. शिवाय हवाई दलाची बहुतेक ब्रिटानिया उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कारखान्यात जोडली जाणार होती. बेलफास्टमध्ये बेरोजगारी होती, कारखान्यात सरकारचा मोठा वाटा होता. तिथल्या कामगारांना काम मिळणं ही राजकीय गरज होती.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीओएसी. हवाई दल बाहेर पडलं तरी एअरलाईनने ठाम ऑर्डर दिली असती, तर व्हीसी-७ कदाचित वाचलं असतं. पण बीओएसीने ब्रिटानिया आणि सुधारलेलं कॉमेट ४ आधीच मागवलं होतं. अटलांटिकवरची स्पर्धा या दोघांच्या जोरावर आपण निभावून नेऊ, असं एअरलाईनचं म्हणणं होतं. पुरवठा मंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्यासाठी हा मुद्दा पुरेसा होता. ज्यांच्यासाठी विमान बनवायचं त्यांनाच ते नको असेल, तर सरकारने पैसे का ओतायचे?

बीओएसीच्या जागी उभं राहून बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कॉमेटचे अपघात होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कागदावर छान दिसणाऱ्या ब्रिटिश जेटवर पुन्हा सगळं पणाला लावायची हिंमत होत नव्हती.

जॉर्ज एडवर्ड्स यांनी मात्र याला उघड विरोध केला. ब्रिटन लांब पल्ल्याच्या जेटची बाजारपेठ स्वतःच्या हाताने अमेरिकेला देतोय, असं त्यांचं मत होतं. कॅनडाच्या ट्रान्स-कॅनडा एअरलाईन्सनेही या विमानात रस दाखवला होता. पण निर्णय फिरला नाही.

एका वर्षात चित्र पालटलं

आता या गोष्टीतला सगळ्यात झोंबणारा भाग.

ऑक्टोबर १९५६. व्ही-१००० रद्द होऊन वर्षही झालं नव्हतं. ज्या बीओएसीला मोठ्या जेटची गरज वाटत नव्हती, तिने १५ बोईंग ७०७ ची ऑर्डर दिली. पॅन अॅमचे प्रवासी जेटने सात-आठ तासांत पोहोचणार आणि आपले पंख्यांच्या विमानात त्याहून कितीतरी जास्त वेळ बसणार, हे गणित बीओएसीला कळून चुकलं होतं. आणि तोवर विकत घेण्यासारखं ब्रिटिश विमान उरलंच नव्हतं. डॉलर वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या सरकारला अमेरिकन विमानांसाठी परवानगी द्यावी लागली.

ज्या ब्रिटानियावर भरवसा ठेवला होता, तिच्या इंजिनात बर्फ साचण्याची अडचण निघाली आणि तिला उशीर झाला. लंडन-न्यूयॉर्क मार्गावर ती डिसेंबर १९५७ मध्ये आली. कॉमेट ४ ने ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिकवर पहिली जेट प्रवासी सेवा सुरू करून मान मिळवला खरा, पण ते लहान होतं आणि पश्चिमेकडे जाताना त्याला सहसा वाटेत उतरावं लागायचं. तीनच आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला पॅन अॅमचं ७०७ आलं आणि मग सगळी चर्चा त्याचीच झाली.

विमान गेलं, इंजिन उरलं

बीओएसीने बोईंग ७०७ घेतलं, पण एका बदलासह. त्यावर अमेरिकन इंजिनांऐवजी रोल्स-रॉइस कॉनवे बसवायचं ठरलं. म्हणजे ज्या इंजिनावर व्हीसी-७ उडणार होतं, तेच इंजिन आता त्याच्या स्पर्धकाला लागलं. या प्रकाराला बोईंग ७०७-४२० म्हणतात आणि अशी ३७ विमानं बनली.

त्यातलं एक मोठं नाव आपल्या ओळखीचं आहे, एअर इंडिया. एअर इंडियाची पहिली ७०७ विमानं याच प्रकारातली, कॉनवे इंजिनांची होती. १९६० मध्ये ती मुंबईत आली. त्याच वर्षी १४ मे ला एअर इंडियाची लंडनमार्गे न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. मुंबईच्या आकाशात सुरुवातीच्या काळात घुमलेला तो जेटचा आवाज खरं तर ब्रिटिश इंजिनाचा होता. २४ जानेवारी १९६६ ला डॉ. होमी भाभा ज्या 'कांचनजंगा' विमानात होते आणि जे आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, तेही याच प्रकारातलं होतं. त्या अपघाताचा इंजिनाशी संबंध नव्हता, विमानाच्या ठिकाणाबद्दल झालेला गैरसमज त्याला कारणीभूत ठरला.

कॅनडाचीही तीच गोष्ट. व्हीसी-७ मध्ये रस घेतलेल्या ट्रान्स-कॅनडाने शेवटी अमेरिकन डीसी-८ घेतलं, तेही कॉनवे इंजिनं लावून.

ब्रिटनने पुन्हा प्रयत्न केला, पण...

जानेवारी १९५८ मध्ये बीओएसीने पुन्हा विकर्सचंच दार ठोठावलं आणि ३५ नव्या जेटची ऑर्डर दिली. हे विमान म्हणजे व्हीसी-१०. आफ्रिका आणि आशियातल्या गरम हवेच्या, उंचावरच्या, आखूड रनवेवरून उडता यावं म्हणून त्याला ताकदवान पंख आणि शेपटीजवळ चार कॉनवे इंजिनं दिली होती.

विमान देखणं होतं, प्रवाशांना आवडायचं. पण ते सेवेत आलं २९ एप्रिल १९६४ ला. तोवर ७०७ ला येऊन साडेपाच वर्षं झाली होती आणि त्यांच्यासाठी जगभरात रनवे लांब करून झाले होते. ज्या खास गुणासाठी व्हीसी-१० बनवलं, त्याची गरजच कमी झाली. एकूण ५४ व्हीसी-१० बनली. बोईंग ७०७ चा आकडा हजाराच्या घरात गेला.

आणि रॉयल एअर फोर्स? १९६६ पासून त्यांना विकर्सचं, चार कॉनवे इंजिनांचं वाहतूक जेट मिळायला लागलं. ते होतं व्हीसी-१०. १९५५ मध्ये जे नको म्हणून सांगितलं, जवळपास तेच अकरा वर्षांनी घेतलं आणि २०१३ पर्यंत वापरलं.

मग व्हीसी-७ ने खरंच बोईंगला हरवलं असतं का?

ब्रिटनमध्ये आजही अनेकांना वाटतं की ही एक ऐतिहासिक घोडचूक होती. पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी.

व्हीसी-७ ची इंजिनं पंखांच्या मुळाशी, पंखांच्या आतच बसवलेली होती. ब्रिटिश डिझायनर्सना ही पद्धत आवडायची, कारण त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. बोईंगने मात्र इंजिनं पंखांच्या खाली टांगली. टांगलेलं इंजिन दुरुस्तीला सोपं, आग लागली तरी पंखापासून लांब. आणि उद्या जास्त मोठं इंजिन आलं, तर जुनं काढून नवं लावता येतं. पंखांच्या आत जागा ठरलेली असते, तिथे मोठं इंजिन घुसवायचं तर पंखच बदलावा लागतो. पुढच्या काळात इंजिनं जाडच होत गेली. आजची बहुतेक सगळी मोठी विमानं बोईंगच्या पद्धतीने उडतात.

शिवाय विमानाचं वाढतं वजन ही खरी अडचण होती आणि कारखान्याच्या ताकदीत बोईंग-डग्लसपुढे विकर्स लहानच होती. त्यामुळे व्हीसी-७ ने ७०७ ला हरवलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण प्रश्न हरवण्याचा नव्हताच. १९५६ मध्ये बीओएसी जेव्हा चेकबुक घेऊन बाजारात उतरली, तेव्हा तिच्यासमोर उडणारं एक ब्रिटिश विमान असतं. कदाचित कॅनडासमोरही असतं. शंभर-दीडशे विमानं जरी विकली गेली असती, तरी ब्रिटनचा पाय त्या बाजारात राहिला असता.

एअरलाईनने आजची गरज बघितली, हवाई दलाने या वर्षीचं बजेट बघितलं, सरकारने बेलफास्टच्या नोकऱ्या बघितल्या. प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी पटण्यासारखं होतं. विमान बनवायला मात्र पाच-सात वर्षं लागतात आणि तेवढ्या पुढचं बघणं यातल्या कुणाचंच काम नव्हतं.

म्हणूनच विस्लीच्या कारखान्यात ते जवळपास तयार झालेलं विमान कुठलाही गाजावाजा न होता मोडलं गेलं. ज्या इंजिनाच्या जोरावर ते उडणार होतं, ते मात्र पुढे लंडन, माँट्रियल आणि मुंबईच्या आकाशात वर्षानुवर्षं फिरत राहिलं. फक्त बऱ्याचदा विमानावर नाव दुसऱ्याचं असायचं.